आज सकाळी काय खाल्लं

गिरीजमधल्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पदवी घेतानाचा फोटो बाबांनी स्वतः भिंतीवर टांगला होता. त्याच फोटोखाली बसून एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "कॉलेज कसं चाललंय?" मला नोकरी लागून कित्येक वर्षं झाली होती.

"थट्टा करतायत तुझी," आई म्हणाली.

बाबा थट्टा करत नव्हते.

माझ्या जन्माआधीपासून ते रोज पीत. पण कधी रस्त्यात पडले नाहीत, कुणावर हात उगारला नाही, म्हणून गावात त्यांना कुणी दारुडा म्हणत नसे. आताशा ते सकाळी, न पितासुद्धा, होडीत उभं असल्यासारखे पाय फाकवून चालायचे. केळीला पाणी सोडलं म्हणून सांगायचे आणि मी वाडीत जाऊन बघावं तर माती भेगाळलेली. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला कळतो. हा तसा नव्हता. त्याचीच मला भीती वाटायची.

आई मानेना. रोज संध्याकाळी घरातली रोजरी बाबाच म्हणायला घेत, एक शब्द न चुकता. "डोकं बिघडलेला माणूस एवढी प्रार्थना म्हणेल? शिकलीस म्हणून घरच्यांना आजारी ठरवू नकोस."

शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. आईही आली.

"आज सकाळी काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"भावाबरोबर दादरला केळी उतरवली," बाबा खुशीत म्हणाले. "तिथंच चहा-पाव झाला."

काका केव्हाच वारले होते, आणि बाबा सकाळपासून उपाशी होते. आईने रुमाल तोंडाला लावला.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. लहानपणापासूनचं पाठांतर टिकतं, म्हणाले. दारू आणि अर्धपोटी राहणं, यांनी नवं लक्षात ठेवणारा भाग खाल्लाय. तिथं जे रिकामं राहतं ते मेंदू गोष्टी रचून भरतो. गेलेलं बहुतेक परत येणार नाही. पुन्हा प्यायले तर उरलेलंही जाईल.

त्यांनी बाबांना दाखल करून घेतलं, इंजेक्शनं दिली, दारू त्यांच्या देखरेखीखाली सुटली. घरी आल्यावर बाबांनी क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली. आई रडली. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाहेर निघाले.

"कुठे?"

"येतो जरा घेऊन."

"बाबा, काल शपथ घेतलीत ना?"

"कसली शपथ?"

आईने भिंतीवरचा क्रूस काढून त्यांच्यापुढे धरला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आम्ही त्यांच्यावर संशय घेतो, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "एवढंच ना? सोडली," म्हणाले आणि क्रुसावर हात ठेवला, अगदी मनापासून.

आईने क्रूस परत खिळ्याला लावला. ती वळेपर्यंत बाबा दारापाशी वाकून चपला शोधत होते.