व्याह्यांची बसायची जागा

आमच्या व्याह्यांइतका अडेल माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात नाही, आणि असलाच तर तो मी आहे. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. मागं एकदा साखऱ्याहून जीपमध्ये बसलो आणि देवणी बैल चांगला की लाल कंधारी यावर आमचं असं जुंपलं, की गोरेगावला उतरायचं दोघंही विसरलो आणि सेनगावला जाऊन पोचलो. परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हरनं एकाला पुढं बसवलं, एकाला मागं. आम्ही मधल्या माणसांच्या डोक्यावरून भांडण पुरं केलं. मी चौथीपर्यंत शिकलो, ते दुसरीतून उठले. दोन इयत्ता मी पुढं आहे, हे मी त्यांना दर भेटीत ऐकवतो. ते म्हणतात, "त्या दोन वर्षांत मी बैल शिकलो, इवाई. तुमी काय शिकले?" आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, आणि ते हा शब्द असा उच्चारतात की त्यात मान किती आणि टोमणा किती हे माझं मला अजून कळलेलं नाही.

ते हेडी. जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभा राहून सौदा जुळवतो तो हेडी. आखाडा बाळापूरच्या अंगाला त्यांचं गाव, आणि त्या पट्ट्यातल्या बैलांचे दात त्यांना स्वतःच्या नातवंडांच्या वयापेक्षा जास्त पाठ. धंद्याची ही नजर त्यांना घरी आल्यावरही उतरवून ठेवता येत नाही. आपल्या मुलीसाठी माझा मुलगा बघायला आले, तेव्हा चहा व्हायच्या आधी त्याला म्हणाले, "जरा त्या गोठ्यापर्यंत जाऊन ये बरं." तो गेला आणि आला. हे पायांकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "डावा पाय जरा जड टाकतंय, पण पोरगं कामाचं हाय." आमची मंडळी रागानं आत निघून गेली. मीही तापलो होतो. विचारलं, "दात न्हाई बघायचे?" तर म्हणतात, "हसला तवाच बघितले."

दुसरी खोड रुमालाची. जनावराच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. व्याह्यांना इतक्या वर्षांत कुठलाच आकडा उघड्यावर बोलवत नाही. एसटीत चढले तर कंडक्टरच्या हातावर रुमाल टाकतात. एकदा तो बिचारा म्हणाला, "बाबा, भाडं ठरलेलं असतंय, यंत्रातून निघतंय." हे म्हणाले, "ठरलेला भाव कोणासाठी असतोय ते मला ठाऊक हाय. तू बोट दाब." लग्नाच्या बोलणीत माझ्याकडून माणसं किती येणार हेही त्यांनी रुमालाखालीच विचारलं. मी दोन बोटं दाबली. मला दोन जीपा म्हणायच्या होत्या, त्यांनी दोनशे माणूस धरलं. लग्नानंतर त्यांच्या गावानं तीन दिवस बुंदी खाल्ली, आणि त्याचा दोष आजतागायत माझ्या बोटांकडं आहे.

पण हेडीच्या धंद्यात एक रीत आहे, ती ते सगळ्यात मोठी मानतात. सौदा झाला, कासरा नव्या धन्याच्या हातात गेला, की हेडीनं आपली बसायची जागा सांगायची. "मी चिंचेखाली बसतो. बैल लंगडला, औताला आडवा पडला, तर हितं या अन माझी गचांडी धरा." जो हेडी बसायची जागा सांगत नाही तो हेडी नाही, चोर आहे, असं त्यांचं साधं गणित. लोकांनी खरोखर येऊन त्यांची गचांडी धरलीही आहे. एका झटापटीत सदऱ्याची दोन बटणं तुटली. बैल त्यांनी परत घेतला, पण बटणं परत लावून घेतली नाहीत. बाजाराच्या दिवशी तोच सदरा घालतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "ही माझी पावती हाय."

आता त्यांची मुलगी, म्हणजे माझी सून. नांदेडला कॉम्प्युटर शिकलेली. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि ही एक दिवस बापाला म्हणाली, "बाबा, तुमच्या डोक्यातलं सगळं तुमच्यासोबत जाईल. मला सांगा, मी ठेवते." आमच्या माळ्यावर, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी रेंज बरी येते, तिथं बसून तिनं दोन वर्षं काम केलं. घरचं आवरून, शेतातून येऊन, पोत्याला पाठ टेकून. फोनसाठी एक ॲप तयार केलं, त्याचं नाव 'बैलपारख'. दात कसे मोजायचे, खूर कसा बघायचा, पाठीवरचा भोवरा कुठं असला तर भ्यायचं आणि कुठं असला तर उगाच भ्यायचं नाही, सगळं व्याह्यांच्या आवाजात. पहिले तीन धडे फुकट, पुढच्यांना वर्षाची लहानशी वर्गणी. फोनमध्ये जे दुकान असतं, जिथून लोक ॲप उतरवून घेतात, त्या दुकानात तिनं ते ठेवलं. लोकांनी घेतलं. पार तेलंगणातून फोन यायला लागले. व्याही फोनवर असे बोलतात जसं पलीकडच्या रानात माणूस उभा आहे, त्यामुळं कोणाचा फोन आला हे सगळ्या गल्लीला कळायचं.

दुकानवाल्या कंपनीनं वर्गणीतला हिस्सा कापला. मला वाटलं व्याही आता पेटणार. पण ते म्हणाले, "बाजारात बसायचं तर बैठक द्यावीच लागते. बराबर हाय." मग एक दिवस ॲप दुकानातून गायब. सूनबाईला ईमेल आला की नियम मोडला. झालं असं होतं, की व्याह्यांनी प्रत्येक धड्याच्या शेवटी, मुलीला न विचारता, आपल्या रीतीप्रमाणं सांगून टाकलं होतं: "मी बाळापूरच्या बाजारात चिंचेखाली बसतो. वर्गणी हातात दिली तरी चालते. चुकीचं शिकवलं असंल तर येऊन गचांडी धरा." कंपनीचा नियम असा, की वर्गणी फक्त तिच्या गल्ल्यातून घ्यायची, आणि दुसरीकडंही देता येते हे गिऱ्हाइकाला सांगायचं सुद्धा नाही. सूनबाईनं वर्गणीचं वाक्य कापलं, नुसती बसायची जागा ठेवली. तरी उत्तर तेच, तुम्ही गिऱ्हाईक दुकानाबाहेर नेता.

"मंजे माझ्याच तोंडानं माझ्या गिऱ्हाइकाशी बोलायचं न्हाई?" व्याही म्हणाले. "हिस्सा घ्या. पण माझं तोंड काहून बांधता?"

त्यांनी मुलीला पत्र लिहायला बसवलं. मी तिथंच होतो. मजकूर एवढाच: तुम्ही कुठं बसता ते कळवा, मी येतो. तिनं इंग्रजीत करून पाठवलं. चहाचा कप संपायच्या आत उत्तर आलं. व्याही खूश झाले, "माणूस जाग्यावर हाय." सूनबाईनं वाचून दाखवलं, ते आधीच्या ईमेलचेच शब्द होते. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच.

"बाबा, तिकडं माणूस न्हाई. मशीन उत्तर देऊन राहिलं."

"मग मशीन कुठं बसतंय?"

व्याह्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "एवढा मोठा बाजार, अन हेडीची बसायची जागा कोणालाच ठाऊक न्हाई. अन हे मला नियम शिकवतेत."

मी मुद्दाम कंपनीच्या बाजूनं बोललो. व्याह्यांच्या बाजूनं बोलायची मला सवय नाही. म्हणालो, "बाजार त्यांनी बांधला, छप्पर त्यांचं, कायदा त्यांचा. तुमाला पटत न्हाई तर दुसऱ्या बाजाराला जा."

"कोणता?"

इथं मी अडकलो. कारण मला त्यांची जुनी गोष्ट ठाऊक होती. एका बाजारात, नाव घेत नाही, ठेकेदारानं दोन फाटकं बंद करून एकच उघडं ठेवलं होतं आणि त्या फाटकात वसुलीला आपला माणूस बसवला होता. व्याह्यांनी भांडण न करता गावोगाव निरोप धाडले. पुढच्या बाजाराला सगळी जनावरं शेजारच्या पडीक रानात उभी. ठेकेदार तीन आठवडे रिकाम्या मैदानात माशा मारत बसला, चौथ्या आठवड्याला सगळी फाटकं उघडली. पण फोनात पडीक रान कुठून आणायचं? फोन आतून चालवणारेही तेच, दुकान त्यांचंच, गल्लाही त्यांचाच. महागड्या फोनांत दुसऱ्या कंपनीचं दुकान आहे म्हणतात, सूनबाई म्हणाली ते तर याहून कडक. एवढं ऐकल्यावर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा व्याह्यांना म्हणालो, "तुमचं बराबर हाय." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं एखादा बैल बोलला.

आणि मी हे इथं लिहून ठेवतो, कोणाला राग आला तरी. फोन मी माझ्या पैशानं घेतला. तो माझ्या खिशात आहे, कंपनीच्या छपराखाली नाही. त्यात कोणाचं ऐकायचं आणि कोणाला कुठं भेटायचं हे मला दुसऱ्यानं सांगायचं काम नाही. ज्यानं दुकान बांधलं त्यानं भाडं घ्यावं. पण एकच दुकान ठेवायचं, दुसरं होऊ द्यायचं नाही आणि वर तिथं विकणाऱ्यांची तोंडं बांधायची, याला धंदा म्हणत नाहीत. निजामाच्या काळातले जहागीरदार आमच्या वडिलांनी बघितले होते. ते निदान घोड्यावर बसून यायचे, दिसायचे तरी.

दिल्लीला असल्या तक्रारी ऐकणारा एक आयोग आहे, तिकडंही सूनबाईनं लिहिलं. अर्ज पोचल्याचं उत्तर आलं, पुढचं आलेलं नाही. इकडं दिवस जात होते. तेलंगणातले फोन थांबले. सूनबाई माळ्यावर जायची, पण खाली बोटांचा आवाज यायचा नाही. नुसती बसून असायची.

व्याह्यांना हे कोणी सांगितलं मला ठाऊक नाही. मी नाही. एक दिवस ते सकाळच्या जीपनं साखऱ्याला आले, चहाला नको म्हणाले आणि सरळ माळ्याची शिडी चढले. त्या वयात. मी मागं गेलो, पडले तर धरायला. मुलीसमोर पोत्यावर बसले.

"काढ ते वाक्य," म्हणाले.

"कोणतं?"

"बसायच्या जागेचं. काढून टाक. दुकानात ठेव परत. दोन वर्षं घातली तू. माझी जागा काय, बाजारातल्या सगळ्यांना ठाऊकच हाय."

मला ऐकवेना. या माणसानं बटणं लावून घेतली नव्हती.

सूनबाई म्हणाली, "न्हाई काढत."

"काहून?"

"काढलं तर ते तुमचं शिकवणं राहत न्हाई. कोणीतरी फोनात बोलून राहिलं, एवढंच राहतंय."

"मी सांगतो ना काढ."

"तुमी सांगा. मी न्हाई काढत."

"ऐकत जा जरा बापाचं."

"ते तुमी कधी शिकवलं?"

व्याही माझ्याकडं वळले. मला वाटलं चिडले. तर डोळ्यांत पाणी आणि मिशीत हसू. म्हणाले, "इवाई, ही तुमच्या घरी येऊन बिघडली." त्या दिवशी मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. शिडी उतरताना त्यांनी माझा खांदा धरला, तोही मी धरू दिला.

आता ॲप दुकानात नाही. दुकानाबाहेरून, या फोनातून त्या फोनात ते देता येतं, तसंच बापलेक देतात. बाजाराच्या दिवशी सूनबाई बाळापूरला जाते, बापाशेजारी सतरंजीवर बसते, आणि कोणी मागितलं की त्याच्या फोनात घालून देते. मी दोनदा गेलो आहे, माझ्याही फोनात घातलं. घालताना फोन तांबडी खूण दाखवतो, हे ॲप धोक्याचं असू शकतं म्हणतो, आणि तीनदा विचारतो, खरंच घ्यायचं का. सूनबाई म्हणते, "मामा, फसवणारे असतेत, इशारा पाहिजेच. आमच्या भावकीतल्या एकाला असल्याच ॲपनं बुडवलं. पण आमाला न तपासता चोर म्हणायचं, ही तकलीफ हाय." लोक ती तांबडी खूण बघतात. काही घेतात. बरेचसे फोन खिशात घालून पुढं जातात, आणि त्यांचीही चूक म्हणता येत नाही.

मागच्या खेपेला एक म्हातारा आला, माझ्याच वयाचा, पुसदकडचा. एकच बैल उरलाय म्हणाला, जोडीला दुसरा बघतोय. सूनबाईनं त्याचा फोन हातात घेऊन सगळं करून दिलं आणि शेवटचं बटण दाबायला फोन त्याच्या हातात दिला. ते बटण ती स्वतः कधी दाबत नाही, ज्याचा फोन त्यानंच ठरवायचं. म्हाताऱ्याचा अंगठा त्या तांबड्या खुणेवर थांबला. त्यानं व्याह्यांकडं बघितलं. आयुष्यभर ज्या माणसानं दोन मिनिटांत कोणालाही सौद्यावर आणलं, त्यानं तोंड उघडलं असतं तर अंगठा लगेच खाली गेला असता. व्याही बोलले नाहीत. मान फिरवून रस्त्याकडं बघत बसले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर चालला होता, तो दिसेनासा झाला तरी ते तिकडंच बघत होते.