पुतळीचा पहारा

पुतळीचा संशयी स्वभाव काही आजचा नव्हे. रामवाडीतला दूधवाला तिच्या दारात आला की आधीच सांगून टाकायचा, "मावशे, पाणी नाय घातलं हां." झालं! मी विचारलंसुद्धा नाही, मग हा आपणहून कशाला सांगतो, या विचारात तिची सगळी सकाळ जायची. लेकीचं, नम्रताचं लग्न ठरलं तेव्हा जावई सुशील फार गोड बोलतो म्हणून तिने रोह्याला जाऊन त्याच्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली होती. सापडलं काही नाही. तरी ती अजून म्हणते, सापडलं नाही म्हणजे नसेलच असं थोडंच आहे?

पण यंदा तिच्या संशयाला खरंच मोठं काम मिळालं. तिच्या नवऱ्याच्या, काळुरामच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट राहणार की जाणार, हे दीड महिन्यात ठरायचं होतं.

काळुराम तसा कुरकुरणारा माणूस नाही. तरुणपणी मिठागरात खाऱ्या पाण्यात उभा राहिला, मग नागोठण्याजवळच्या एका कंपनीत तीस वर्षं कंत्राटदाराकडे शिफ्ट केली. चपलेचा पट्टा घासून बोटाला जखम झाली ती त्याला कळलीसुद्धा नाही. साखरेने पाय बधिर झालेले. लादीवर रक्ताचे ठिपके बघून पुतळीच ओरडली. पेणच्या डॉक्टरीणबाई, मनस्वी त्यांचं नाव, वयाने पुतळीच्या लेकीएवढ्या, पण बोलायला स्पष्ट. "साखर खाली आली नाही तर जखम भरणार नाही. मग बोट काढावं लागेल," म्हणाल्या.

मग नियम आले. साखर बंद, तळण बंद, भात दुपारी एक वाटी, रात्री नाचणीची भाकरी, रोज एक मोड आलेलं कडधान्य. बाहेर चालणं नको, जखम चिघळेल. घरातच खुर्चीत बसून पाय गुडघ्यातून सरळ करायचे, एकेक वीसदा. पाण्याच्या दोन बाटल्या हातात धरून वर-खाली करायच्या. "सकाळी काय खातात?" बाईंनी विचारलं. "सकाळी काय नाय खात," पुतळी म्हणाली. आणि ती खोटं बोलली नव्हती.

घरी येताच तिने तेलाची बाटली कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. वालाला मोड आणून, सोलून, चमचाभर तेलात बिरडं करू लागली. माशाच्या कालवणातलं खोबरं गेलं, चिंच-मिरची राहिली. शेवग्याच्या पाल्याची भाजी, दुधी, मूग, सगळं मोजून. स्वतःही तेच जेवायची, नवऱ्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. शिवाय अंगात ताकद राहावी म्हणून पहाटे पाचला उठून काळुरामसाठी पेज करायची. माहेरच्या तांदळाची, मऊ, मिठाची. तिच्या आईने अख्खं घर तापातून पेजेवर उठवलं होतं. मोठा वाडगा भरून ती त्याच्यासमोर ठेवायची आणि तो मुकाट पिऊन टाकायचा.

जावयाने साखर मोजायचं मशीन आणून दिलं होतं. एक दिवसाआड, सकाळी नऊला बोट टोचून आकडा कॅलेंडरवर लिहायचा. पहिला आकडा दोनशे ब्याण्णव. मग तीनशे चार. मग दोनशे अठ्ठ्याऐंशी.

पुतळीच्या मनात पाल चुकचुकली. मी एवढं मोजूनमापून घालते, गोळ्या डोळ्यांसमोर गिळतात, मग साखर येते कुठून? खातात! हा माणूस चोरून खातो!

"तोंड उघडा," ती म्हणायची.

"काय नाय खाल्लं गो."

"उघडा म्हणते ना!"

बिचारा आ करायचा. ती वास घ्यायची. बोटांचा वास घ्यायची, शर्टाचे खिसे उलटे करायची. एकदा खिशात कागदाचा तेलकट बोळा सापडला आणि घरात असा दंगा झाला की शेजारची धोंडुबाई धावत आली. काळुरामने धोंडुबाईच्याच सायकलची चेन बसवून दिली होती, त्या बोळ्याने हात पुसले होते. तरी पुतळीला धोंडुबाईचाच संशय आला. हिच्याकडे रोज भजी होतात, हिनेच दिली असतील.

व्यायामावरही विश्वास नव्हता. काळुरामला लाज वाटायची म्हणून तो दार लोटून घ्यायचा. बाहेर पुतळी कान लावून खुर्चीची करकर मोजायची. नुसती खुर्चीच हलवत असतील तर? एक दिवस तिने खिडकीतून डोकावून पाहिलं. काळुराम डोळे मिटून, जीभ दातांत धरून, एकेक पाय सरळ करत पुटपुटत मोजत होता, "सतरा... अठरा..." दुसरीचा जीव कळवळला असता. पुतळी मनात म्हणाली, माझी सावली दिसली असणार, म्हणून हे नाटक.

असे तीन-साडेतीन आठवडे गेले आणि रोह्याहून सुशीलचा फोन आला. नम्रताच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन. जाणं भागच. पुतळीचा जीव एकीकडे लेकीत, एकीकडे त्या बोटात. शेवटी नाइलाजाने तिने धोंडुबाईलाच राखणीला बसवलं. "सकाळी सुई टोचताना समोर बस. आकडा तुझ्या डोळ्यांनी बघ. आणि काय खातात ते मला फोनवर सांग."

सहा दिवसांनी ती परतली. चप्पल काढायच्या आधी कॅलेंडरपाशी गेली. एकशे ब्याऐंशी. एकशे एकाहत्तर. एकशे सहासष्ट.

"खोटं लिहिलंत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, लेकीकडून आणलेल्या नव्या तांदळाची पेज केली, वाडगा भरून दिला आणि नऊला स्वतः सुई टोचली. दोनशे एक्याण्णव.

"बघा! बघा आता! सहा दिवस मला फसवलंत! बोट काय माझं जाणार हाय? लंगडत फिराल तवा आठवेल!" ती रडत रडत ओरडत होती. राग तर होताच, पण त्यापेक्षा भीती जास्त होती. आता पंधराच दिवस उरले होते.

धोंडुबाई दारात येऊन उभी राहिली. "पुतळे, डोकं फिरलंय काय गो तुझं? तिन्ही वेळा मी समोर बसले. मशीनवरचा आकडा मी वाचला. दादा सकाळी दोन अंडी उकडून खायचा नि मूठभर मूग. बाकी जेवण तू सांगून गेलीस तसंच. पेज त्याला करता येत नाय."

महिनाभर सगळ्यांवर नजर ठेवलेली बाई पुतळी. सहा दिवसांत काय नव्हतं आणि आज काय होतं, हे शोधायला तिला वेळ लागला नाही. मोरीत वाडगा पडला होता. तळाशी तांदळाचे चार दाणे. भाताची वाटी ती मोजत होती, आणि दोन वाट्यांचा तांदूळ शिजवून रोज सकाळी स्वतःच्या हाताने पाजत होती. पेज म्हणजे जेवण, असं तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पेज म्हणजे औषध.

धोंडुबाई गेल्यावर तिने विचारलं, "तुमाला ठावं होतं?"

"नाय गो. पण मला पेज कधी आवडलीच नाय."

"मग पीत कशाला होता?"

"तू अंधारात उठायचीस."

पुतळीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंडी आणि मूग. व्यायामाला ती दार उघडं ठेवून शेजारी बसू लागली, तिच्याही हातात दोन बाटल्या. आकडे उतरत गेले. जखमेच्या कडा सुकू लागल्या.

दीड महिना भरला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, बोट दाबून पाहिलं, कॅलेंडरची पानं पाहिली आणि त्या हसल्या. "बोट राहतंय, काका. पण महिनाभर साखर हटत नव्हती, मग एकदम काय बदललं?"

काळुरामने मान खाली घातली. "मी चोरून खायचो, बाई. वडखळला जाऊन भजी, जिलेबी. ही बरोबर बोलायची. आता सोडलं."

"बघा, मावशी," बाई म्हणाल्या, "तुमचा संशय खरा निघाला."

महिनाभर हेच ऐकायला पुतळीचे कान आसुसले होते. तिने काळुरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता आणि हळूच तिला हाताने गप्प बस म्हणून खुणावत होता.

"खोटं बोलतात हे," ती म्हणाली. नेहमीचंच वाक्य. "यांनी कधी काय चोरून नाय खाल्लं. मी घालत होते, बाई. रोज पहाटे उठून, माझ्या हाताने. लिवा तुमच्या कागदावर."