गडव्यावरचं नाव

दादा गेल्याचा निरोप घेऊन शेजारी धावत आले, तेव्हा मी भंडाऱ्यात कासाराच्या दुकानात त्याच्याच पाणी प्यायच्या गडव्यावर नाव घालून घेत होते. 'वामन' एवढं झालं होतं. कारागिराची हातोडी थांबली. हळूच म्हणाला, "बाई, आता समोर 'स्मरणार्थ' टाकू काय?" त्याचं काही चुकलं नव्हतं, तरी मला त्याचा भयंकर राग आला...

दादा भांड्यांच्या कारखान्यात नवे नमुने घडवायचा. सत्तरच्या दशकात घरोघरी स्टील येऊ लागलं, तेव्हाची गोष्ट. आईचे हात थरथरू लागले होते. माहेरचा, आसगावचा जड पितळी गडवा तिला उचलवेना आणि दुसऱ्याला पाणी मागणं तिच्या जिवावर यायचं. तिनं पाणी पिणंच कमी केलं. ओठ सुकलेले, तरी म्हणायची, "तहानच नाई लागत वं." दादाला ते बघवेना. त्यानं दोन कानांचा हलका गडवा घडवला आणि मोठ्या हौसेनं तिच्यापुढे धरला. आई फणकारली, "मी का लेकरू आहो? नाई पायजे मले."

दादा तोंड फुगवून बसला. मग कान काढून टाकले, घाट जुन्यासारखाच ठेवला, फक्त बोटं आपसूक बसतील अशी मानेची खाच खोल केली. आणि पोटावर नाव घातलं, 'यमू'. लग्नात नाव बदलल्यापासून आईला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तिनं अक्षरांवरून अंगठा फिरवला, कितीतरी वेळ... आणि घटाघटा पाणी प्यायली. मला रडूच फुटलं.

असे गडवे कारखान्यात काढावेत म्हणून दादानं मालकांना किती विनवलं! ते हसले. "म्हाताऱ्यायले कायले पायजे वेगळी भांडी?" दादानं त्यांना दाखवायला केलेला बिननावाचा नमुना घरी आणून पेटीत टाकला. ते हसणं त्याला शेवटपर्यंत सलत राहिलं.

नवऱ्यामागं मी दादाकडेच राहते. या शेवटच्या आजारपणात आईसारखे त्याचेही हात कापू लागले. वहिनीनं स्टीलचा पेला पुढे केला, तर म्हणाला, "तहान नाई." आईचंच वाक्य! पेटीतला नमुना काढून मी त्याच्या हातात दिला. फिरवून फिरवून पाहत तो म्हणाला, "बरा हाय... पन याच्यावर नाव कोनाचंच नाई." म्हणून तर मी दुकानात गेले होते.

कारागिराला म्हटलं, "नाई, नावच राहू द्या. 'स्मरणार्थ' लिवलं का भांडं देवळाचं होते. हे त्याचं हाय."

आता तो गडवा रोज भरून त्याच्या खाटेपाशी ठेवते. सकाळी पाणी जसंच्या तसं असतं. ते झाडाला ओतते आणि पुन्हा भरते.