दाराजवळची खाट

आमच्या सासऱ्यांचा पिंडच संशयी. उभा जन्म चाव्या बनवण्यात गेला. कुलूप उघडून मागणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचे, "घर तुमचंच ना?" खुद्द व्याह्यांनाही सोडलं नाही. माझे वडील अजून ते विसरलेले नाहीत.

हात थरथरायला लागले तसं दुकान बंद झालं आणि पुस्तकं सुरू झाली. राजे नकोत, लढाया नकोत. जुन्या काळी साधी माणसं कशी राहायची, कोण कुठे झोपायचं, आधी कोण जेवायचं, एवढंच हवं. वाचता वाचता पुटपुटायचे, "हा काय तिथे बघायला गेला होता?" तरी पुस्तक हातातून सुटायचं नाही.

मध्यंतरी मी त्यांची खाट आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, दाराजवळ आणली. नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या पुस्तकात निघालं की कुठल्याशा काळी म्हाताऱ्याचे दिवस भरत आले, की घरचे त्याचं अंथरूण दाराशी हलवायचे. पुढे उचलून न्यायला सोपं. झालं! दुधाचा पेला माझ्याकडे रोखून बघत घ्यायला लागले. पेटीला कुलूप लागलं. मी नवऱ्याशी जरा हळू बोलले की यांचे कान टवकारलेच. मला संताप यायचा. इतकी वर्षं ज्यांचं पथ्यपाणी सांभाळलं, त्यांच्या नजरेत मी चोर!

एकदा जेवता जेवता ताट सरकवून म्हणाले, "सूनबाई, खरं सांग. मला दाराशी का टाकलंस?"

कारण सांगण्यासारखं नव्हतं. खाट हलवण्याच्या आदल्या दुपारी त्यांनी आतल्या खोलीची कडी लावली आणि मग ती त्यांना काढता येईना. सगळ्या गावाची कुलपं उघडलेला माणूस आत धडपडत होता आणि मी बाहेर श्वास रोखून उभी होते. मी हाक मारली असती, तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. शेवटी कडी निघाल्याचा आवाज आला, तेव्हा मी पळत जाऊन स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागले, जणू काही ऐकलंच नाही. खाट बाहेर आल्यापासून ते त्या खोलीत फिरकले नव्हते.

"बाहेर उजेड चांगला येतो, बाबा," मी म्हटलं.

"थापा मारू नकोस. खोली कुणासाठी हवीय ते बघतोच." ते तडक आत गेले. मी मागोमाग.

खोली होती तशीच होती. त्यांची नजर सवयीने दाराकडे वळली. कडीच्या जागी नुसती भोकं. त्यांवरून ते बराच वेळ बोटं फिरवत राहिले.

"कडी कुणी काढली?"

"मी."

"कधी?"

"खाट हलवली, त्याच दिवशी."

"स्क्रू काढताना लाकूड ओरबाडलंस," एवढंच म्हणाले आणि पुन्हा ताटावर येऊन बसले.

जेवण झाल्यावर त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं.

"परत करून टाक. या लिहिणाऱ्याने एकाही सुनेला विचारलेलं दिसत नाही."