कोवळमच्या किनाऱ्यावरचा सिग्नलमन

बसमध्ये तेवीस माणसं बसली होती आणि माझ्या यादीत चोवीस नावं होती. पुन्हा मोजलं. मेश्राम काका नव्हते.

भिलाई-दुर्गची ही मंडळी, बहुतेक तिथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेली, केरळ बघायला आली होती. कोवळममधला दुसरा दिवस. नऊ वाजता पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा बघायला निघायचं होतं. मी त्यांची टूर मॅनेजर. म्हणजे तिकिटं, खोल्या, जेवण, आणि सगळ्यात आधी हेडकाउंट. जितकी डोकी नेली तितकी परत आणायची.

काकांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. रोलिंग मिलच्या आवाजात नोकरीची सगळी वर्षं गेली होती. दुर्ग स्टेशनवर त्यांच्या मुलानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पापांना एकटं सोडू नका, मी तर पाठवणारच नव्हतो. मी शब्द दिला होता.

खोलीत गेले. कानाचं मशीन आणि फोन, दोन्ही उशीजवळ. त्यांच्या बायको, काकू, माझ्यामागे बसमधून उतरून आल्या होत्या; म्हणाल्या, ते सकाळीच समुद्र पाहायला गेले, चहापर्यंत येतो म्हणाले होते.

मी भिलाईला बॉसला फोन लावला. त्यांनी आवाज चढवला नाही. ग्रुपला गाइडसोबत पुढे पाठव, तू थांब, अर्ध्या तासात सापडले नाहीत तर पोलिसांना कळव आणि मग मुलाला. बस गेली. मी आणि काकू किनाऱ्यावर उतरलो.

लाइफगार्ड तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला की आज पाण्याला आतून ओढ फार आहे, कोणाला उतरू देत नाही. पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा माणूस मात्र सकाळी खडकांपलीकडे चालत गेला होता. परत येताना त्यानं पाहिला नव्हता.

वाळूत काकूंना भरभर चालता येईना. साडी वर खोचून त्या माझ्या मागे येत होत्या. एका जागी दम घ्यायला थांबल्या. मग म्हणाल्या, "पोरगा म्हने बाबाले घरीच ठेव. मीच म्हनलं, नाही, मी नेतो. आता काई झालं त मी त्याले काय सांगू वो?"

मी त्यांचा हात धरला.

खडक ओलांडल्यावर कोळ्यांचा किनारा लागला. तिथं जाळं ओढणं चाललं होतं. होडीनं समुद्रात गोल जाळं टाकतात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणतात आणि पंधरा-वीस माणसांच्या दोन टोळ्या लांब अंतरावरून ते ओढतात. दोन्हीकडून ओढ सारखी हवी, नाहीतर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. त्यांचा म्होरक्या एका टोकाला उभा होता. मध्ये होड्या लावलेल्या, त्यामुळे दुसऱ्या टोळीला तो दिसत नव्हता, आणि लाटांच्या आवाजात हाक पोचत नव्हती.

मधल्या एका उपड्या होडीवर मेश्राम काका उभे होते. म्होरक्याकडे बघायचे आणि पलीकडच्या टोळीला हातानं खूण करायचे. ओढा. हळू. थांबा.

प्लांटमध्ये ते सिग्नलमन होते. वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचं ऐकू येत नाही, म्हणून खाली उभा असलेला माणूस हाताच्या खुणांनी सांगतो की माल उचल, सरकव, थांब. काकांनी पस्तीस वर्षं तेच केलं होतं.

मी धावत गेले. त्यांनी मला पाहिलं आणि मूठ बंद करून हात वर केला. थांब. मी थांबले. काकू वाळूत बसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

जाळं किनाऱ्याला लागायला पाऊण तास गेला. आत चांदीसारखी मासळी उसळत होती. म्होरक्यानं काकांचा हात दोन्ही हातांत धरला. तो मल्याळममध्ये काय म्हणाला ते आम्हा तिघांनाही कळलं नाही.

"तिकडच्यायले दिसून नाही राहिलं होतं," काका मला मोठ्यानं म्हणाले. "मंग मी उभा झालो. बस गेली का?"

काकूंनी हातवारे करून विचारलं, चहापर्यंत येतो म्हणाला होता ना?

"चहा यायनंच पाजला," कोळ्यांकडे बोट दाखवत काका म्हणाले.

मुलाला मी सगळं खरं सांगितलं. तो चिडला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. शब्द मी दिला होता. मग मी किनाऱ्यावर काढलेला, होडीवर उभं राहून खुणा करणाऱ्या काकांचा फोटो पाठवला. बऱ्याच वेळानं त्याचा फोन आला. म्हणाला, "मैंने पापा को कभी काम करते देखा ही नहीं था."

राजवाडा काका-काकूंचा राहिला तो राहिलाच. ऑफिसात मला बोलणी बसली, तीही बरोबर होती.

आमच्या बुकिंग फॉर्मवर वय, आजार आणि जेवण विचारलेलं असायचं. आता मी एक ओळ वाढवली आहे: नोकरीत नेमकं काय काम करत होता. लोक फॉर्म भरताना सगळ्यात जास्त वेळ तिथंच लावतात. जागा पुरत नाही.