वळणावर किती वाजले होते

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती एवढंच म्हणाली असती की तुमचा स्वभावच तसा आहे, आणि भाजीला फोडणी घातली असती. विषय संपला असता. मला तो तसा संपायला नको होता. माणूस काही गोष्टी लाजेनं लपवतो, काही भीतीनं. ही मी लपवली, कारण हिच्यामुळे माझं भलंच होत गेलं. अशी गोष्ट कोण उगाच बाहेर काढतो?

आमचा अमरावतीत धावणाऱ्यांचा क्लब आहे. क्लब म्हणजे काय — चाळिशी ओलांडलेली, पोट सुटलेली, डॉक्टरांनी घाबरवलेली तीसेक माणसं. पहाटे छत्री तलावाच्या रस्त्यावर जमायचं, अर्धा तास धावायचं, पाऊण तास फोटो काढायचे, आणि मग तर्री-पोहे खाऊन जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट पोटात घालायचं. सगळ्यांचे टी-शर्ट नारिंगी. पाठीवर डरकाळी फोडणारा वाघ. मेळघाटातल्या खऱ्या वाघानं त्या पाठी पाहिल्या असत्या तर रान सोडून गेला असता. कुणी बुटाची किंमत सांगतो, कुणी नाडीचे ठोके. मी या लोकांना पहिल्या दिवसापासून तुच्छ मानत आलो. मी बांधकाम खात्यातला अभियंता, शाळेत असताना जिल्ह्याला धावलेला. मला वाटायचं, इथे खरा धावणारा मी एकटाच. बाकीची जत्रा.

हा तोरा आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

उन्हाळ्यात आमच्याकडे धावायची सोय नाही, त्यामुळे आमचा हंगाम हिवाळ्याचा. डिसेंबर-जानेवारीत कधी नागपूर, कधी यवतमाळ, आणि दरवर्षी न चुकता अकोल्याची एकवीस किलोमीटरची शर्यत. क्लबात एक नियम होता. नियम चांगला होता, हे कबूल करायला जीभ अडखळते, पण होता. आपला कुणीही माणूस सगळ्यात शेवटी एकटा येणार नाही. शर्यतीच्या आधी टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या. त्यातल्या एकीवर शेपटाचं चित्र असायचं. ज्याला ती निघेल, त्यानं आपली वेळ विसरायची आणि सगळ्यात हळू माणसाबरोबर शेवटपर्यंत राहायचं. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो.

ते शेपटाचं चित्र काढून द्यायचे वानखडे सर. शाळेत चित्रकला शिकवायचे. साठीला आलेले, साखर वाढली म्हणून क्लबात आलेले, आणि धावायला आमच्यात सगळ्यात हळू. दरवेळी शेपूट वेगळं काढायचे — कधी माकडाचं, कधी गाईचं, गोंडा वगैरे काढलेलं. लोक हसायचे. मला त्यांच्या मोज्यांचाही राग यायचा. ऑफिसचे काळे मोजे घालून यायचे, आणि धावताना नाकातून शीळ घातल्यासारखा आवाज. वर बोलणं अखंड. हे धुकं पाहा, हे पांढरं नाही, यात जरा जांभळं आहे. अहो, धावा ना.

त्या वर्षी सरांनी वर्षभर सराव केला होता. एकदा, फक्त एकदा, एकवीस किलोमीटर वेळेत पुरे करायचे आणि पदक घ्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. घरी बैठकीत त्यासाठी खिळा ठोकून ठेवला होता. सगळ्यांना सांगत फिरायचे, ‘‘खिया तं ठोकला, आता पदकच आनाचं बाकी हाये.’’ आणि त्याच वर्षी मी दोन तासांच्या आत धावायचं ठरवलं होतं. टोपीतून चिठ्ठी काढली तर तिच्यावर शेपूट. घोड्याचं होतं, झुपकेदार. मी हसलो. सगळ्यांबरोबर हसलो, आणि आतून जळत होतो.

सरांना सारखं घड्याळ बघायची सवय. बघायचे आणि घाबरून चालायला लागायचे. मीच म्हणालो, सर, घड्याळ काढा, वेळ मी बघतो. त्यांनी काढलं आणि माझ्या हातात दिलं. ‘‘तुमी हा ना, मंग मले कायले पायजे? आता टाइमाची फिकीर तुमाले.’’ ते घड्याळ मी खिशात टाकलं. मोबाइल त्यांनी मैदानावर उभ्या असलेल्या क्लबच्या गाडीत पिशवीत ठेवला होता. हे सगळं का सांगतोय? कारण वेळ त्या माणसाकडे कुठेच उरली नव्हती. ती सगळी माझ्याकडे होती.

शर्यत सहाला सुटली. साडेनऊपर्यंत जो पोहोचेल त्याला पदक, त्यानंतर काही नाही. रस्ता साधा — शहराबाहेर अर्धं अंतर जायचं, तिथे एका ड्रमला वळसा घालायचा आणि परत. दोन्ही बाजूंना हरभरा आणि तूर, आणि धुकं असं की पुढचा माणूस दिसेना. सर मात्र चांगले धावत होते. मला ते आवडलं नाही, हेही लिहून टाकतो. पाय ओढत असते तर बरं वाटलं असतं.

वळणाच्या अलीकडे आमची माणसं समोरून परतायला लागली. एकेक धुक्यातून निघायचा, मला सरांच्या शेजारी बघायचा आणि ओरडायचा — शाब्बास रे शेपूट. कुणी पळता पळता फोटो काढला. मग दिलीप आला. कापडाचं दुकान आहे त्याचं. एकदाही माझ्यापुढे गेला नव्हता. तो थांबला नाही, नुसतं मागे वळून म्हणाला, ‘‘काय साहेब, आज वरातीत निंगाले का?’’

एवढंच. यापेक्षा मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही. दोन तासांची वेळ तर केव्हाच हातची गेली होती, म्हणजे त्यासाठी केलं असंही म्हणता येत नाही. मला फक्त त्या माणसाच्या शेजारी दिसायचं नव्हतं. त्याचे काळे मोजे, त्याची शीळ, त्याचं जांभळं धुकं — त्या सगळ्याबरोबर मी शेवटी येणार आणि लोक टाळ्या वाजवणार. दयेच्या टाळ्या. मला त्या नको होत्या.

वळणावर सरांनी ड्रमला हात लावला. लहान मुलासारखा. मग आम्ही परत फिरलो आणि थोडं पुढे आल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘किती झाले, साहेब?’’

मी घड्याळ पाहिलं. नीट पाहिलं. आणि म्हणालो, सव्वाआठ.

ते थांबले. ‘‘सव्वाआठ? मले तं वाटलं...’’ त्यांनी वर पाहिलं. सूर्य असता तर त्यांना कळलं असतं — चित्रं काढणारा माणूस, उजेड ओळखणारा. पण वर नुसतं धुकं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिथंही काही दिसलं नसावं. मी म्हणालो, आता नाही व्हायचं सर, गुडघ्याची वाट लावून घेऊ नका, गाडी मागेच आहे. माझा आवाज काळजीचा होता. असा आवाज मला काढता येतो, खात्यात तो फार उपयोगी पडतो.

मागून शेवटच्या माणसांना उचलणारी आयोजकांची गाडी आली. मीच हात केला, मीच दार उघडलं. चढताना सर मला म्हणाले, ‘‘मायापायी तुमचा टाइम गेला. माफ करा, साहेब. पळा तुमी.’’

माफी त्यांनी मागितली. ऐकताय ना? त्यांनी.

त्यांचं घड्याळ माझ्या खिशात होतं. परत द्यायचं विसरलो, असं मी पुढे सांगितलं. विसरलो नव्हतो.

आणि मग मी धावलो. कसा धावलो सांगू? फार छान. आयुष्यात इतका हलका कधी धावलो नसेन. एकेकाला मागे टाकत गेलो, शेवटी दिलीपलाही गाठलं, आणि सव्वाआठ खरोखर वाजले तेव्हा मी शहरात शिरलो होतो, साडेआठला मैदानाच्या फाटकातून आत. ती गाडी मात्र वाटेतलं पाण्याचं प्रत्येक टेबल, प्रत्येक ड्रम गोळा करत रांगत आली. ती पोहोचेस्तोवर साडेनऊ होऊन गेले होते. माझं खोटं तोवर खरं झालं होतं. सर खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

त्याच दिवशी क्लबच्या ग्रुपवर सगळ्यांच्या वेळा आल्या. माझीही आली. सर सगळ्यांना सांगत होते की वळणावरच सव्वाआठ झाले; मग सव्वाआठला तिथे असलेला माणूस साडेआठला मैदानावर कसा असेल? तिसरीतल्या पोराची वजाबाकी. तीस माणसांनी ती वेळ वाचली, तीस माणसांनी अंगठे आणि जोडलेले हात टाकले. एकानंही हिशेब केला नाही. नाडीचे ठोके मोजणारी ही माणसं. मी त्यांना तुच्छ मानत होतो ते उगाच नाही, असं मला तेव्हा वाटलं — आणि हा विचार कोण करत होतं? मी.

पुढच्या रविवारी त्यांनी माझा सत्कार केला. स्वतःच्या वेळेचा त्याग, सहकाऱ्याच्या जिवाची काळजी, असं बरंच काही बोलले. शाल सरांच्या हातून. शालीबरोबर त्यांनी काढलेलं एक चित्र — धुक्यातला रस्ता आणि पाठमोरी धावणारी दोन माणसं. मी शाल घेतली. नारळ घेतला. चित्र घेतलं आणि फ्रेम करून बैठकीत लावलं. पाहुणे विचारतात, आणि बायको कौतुकानं सगळी हकिकत सांगते. मी शेजारी बसून चहा पितो.

सरांनी धावणं सोडलं. कुणावर राग धरून नाही, अगदी सहज. ‘‘आपल्या अंगात तो वेगच नाई,’’ म्हणायचे, ‘‘वर्षभर मरमर करून बी सव्वाआठ वाजतेत, तं काय उपेग?’’ क्लब मात्र सोडला नाही. दर जानेवारीला वरूडची संत्री घेऊन ते अकोल्याच्या त्या वळणावर उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला सोलून फोडी देतात. एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा खिळा पाहिला. त्याच्यावर छत्री टांगली होती.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट जुनी आहे असं तरी म्हणता आलं असतं. पण ती मागच्या जानेवारीत पुन्हा घडली.

सरांची मुलगी स्नेहल आता बडनेऱ्याला रेल्वेत आहे. तिनं पहिल्यांदा एकवीस किलोमीटरला नाव दिलं. वडिलांसारखीच बारीक पावलं, वडिलांसारखीच सावकाश. या वेळी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. सगळे म्हणाले, शेपूट साहेबच होणार, त्यांच्यासारखा शेपूट कुठं मिळतो. शर्यत सुटण्याआधी तिनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्यासमोर धरलं. ‘‘बाबा म्हणे, घड्याळ काकाजीजवळ देजो आन् बिनघोर पळजो.’’

मी घेतलं. न घेऊन काय सांगणार होतो?

आम्ही वळणावर पोहोचलो तेव्हा सर टेबलामागे होते. मोबाइल काढून बघितला आणि एकदम उजळले. ‘‘साडेसातच झाले वो. लय टाइम हाये, बाई. आरामशीर पोचतं तू.’’ ती ड्रमला वळसा घालायला गेली. सर संत्रं सोलत माझ्याजवळ आले, हळू आवाजात म्हणाले, ‘‘साहेब, पोट्टी तं सेम मायासारखी पळते. सराव बी तेवढाच. मंग मी इथं सव्वाआठले कसा पोचलो असन?’’

त्या आवाजात संशय नव्हता. ते माझ्याबद्दल विचारतच नव्हते. स्वतःच्या पायांबद्दल विचारत होते, इतक्या वर्षांनी. सांगायला यापेक्षा चांगली वेळ, चांगली जागा मला पुन्हा कधी मिळणार होती? एक वाक्य लागलं असतं.

मी म्हणालो, ‘‘वयाचा फरक पडतोच ना, सर.’’

त्यांनी हातातलं संत्रं सोलून संपवलं. मग मान हलवली. ‘‘हाव. वय तं होतंच.’’ आणि संत्र्याच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या खाल्ल्या. गोड होत्या.

स्नेहल वेळेत पोहोचली. वेळ बराच उरला होता. तिनं पदक बाबांच्या गळ्यात घातलं, तर त्यांनी ते लगेच काढून तिच्या गळ्यात परत घातलं — हे तुझं आहे, माझं नाही म्हणाले. लोकांनी फोटो काढले. मला मध्ये उभं केलं, बापाच्या आणि लेकीच्या मध्ये. त्या फोटोत मी हसतो आहे.

सर, तुम्ही मला दोनदा विचारलंत. पहिल्यांदा मी खोटं सांगितलं, दुसऱ्यांदा तुमच्या वयावर ढकललं. त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं तेव्हा साडेसात वाजले होते.