गाईच्या कुशीतलं झाकण

पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या गोठ्यात एक पांढरी गाय कडबा खात उभी होती आणि तिच्या डाव्या कुशीत चक्क रबरी झाकण बसवलेलं होतं. कोणता चारा पोटात कसा पचतो, याचा अभ्यास तिथं त्या झाकणातून चालतो.

मी गेलो होतो आमच्या तांबू गाईसाठी. भाचीच्या लग्नातला उरलेला भात आणि पुऱ्या मीच तिच्यापुढे ओतल्या होत्या. अन्न वाया जाऊ नये, शिवाय गाईच्या मुखी पडलं तर पुण्यच! रात्रीत तिचं पोट फुगलं, रवंथ थांबलं. औषधानं फुगी उतरली, पण ती चाऱ्याला तोंड लावेना.

"चारा पचवणारे आतले जीवजंतू मेलेत, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिच्याकडून मागून घेऊ." त्यांनी पांढऱ्या गाईचं झाकण काढलं. "घाला हात, तिला दुखत नाही."

मी भीत भीत कोपरापर्यंत हात घातला. आत दमट, गाढ ऊब होती, आणि एक संथ लाट माझा हात ढकलून पुढे जात होती. या अंधारात कोट्यवधी जीव गवताचं दूध करायला राबत होते. जन्मभर गोठ्यात वावरून मला त्यांचा पत्ता नव्हता, आणि तांबूच्या पोटातले मी पुण्याच्या लोभानं मारले होते. गाय शांतपणे कडबा चघळत राहिली.

तिच्या पोटातला रस गाळून नळीनं तांबूला पाजला. दुसऱ्या दिवशी तांबूच्या गळ्यातून एक घास वर सरकला आणि जबडा हळूहळू फिरू लागला.

"मिळालं का पुण्य?" बायकोनं टोमणा मारला.

"मिळालं," मी म्हणालो. "त्या पांढरीला."